मुक्कामी घोडे कसे राखावे
(काठी येथील साक्षरता वर्गासाठी केलेले भाषण)



आज आपण घोड्याविषयी बोलणार आहोत. घोडे पळवावे कसे, हे आम्ही सांगणार नाही. वाटेत रात्र पडली, घर दूर आहे, गोठा नाही, भिंत नाही. अशा वेळी घोडे सकाळपर्यंत सुखरूप कसे ठेवावे, एवढेच सांगणार आहोत.

कोणी म्हणेल, यात शिकायचे काय? दोरी घ्यावी, झाडाला बांधावे आणि झोपावे. गायबैल बांधतो तसेच हे. पण मंडळी, बैल आणि घोडा यांचा स्वभाव एक नाही. बैलाला बांधतो तशी घोडी बांधली, म्हणून कितीतरी घोड्या लंगड्या झाल्या आहेत. काही फास बसून मेल्या आहेत. काही दोरी तोडून गेल्या त्या परत आल्याच नाहीत.

आपला मुलूख सातपुड्याचा. वरच्या ज्या पाड्यांना धड गाडीवाट नाही, तिथे ओझे एक तर माणसाच्या डोक्यावर जाते, नाही तर जनावराच्या पाठीवर. ज्याच्या दारात घोडी आहे, त्याचे धान्य, लाकूडफाटा, बाजारहाट तिच्या पाठीवर चालतो. अशी घोडी गेली म्हणजे घरातला एक कमावता हात गेला. कर्ज काढून घेतलेली असली तर घोडी जाते आणि कर्ज राहते.

समजा, आपल्यातल्या एकाने सारंगखेड्याच्या यात्रेत घोडी घेतली. सारंगखेडे शहादा तालुक्यात तापीकाठी आहे. तिथे एकमुखी दत्ताचे देऊळ आहे. मार्गशीर्षात दत्तजयंतीला यात्रा भरते आणि घोड्यांचा मोठा बाजार भरतो. मारवाडी, काठेवाडी, पंजाबी घोडे येतात. तिथे लाखाची घोडी असते, तशी गरिबाची तट्टाणीही असते. आता पुष्कळ लोक जनावर टेम्पोत घालून आणतात. पण ज्याच्याजवळ भाड्याला पैसे नाहीत, तो शहादा, तळोदा, अक्कलकुवा या वाटेने पायी येणार. वाटेत त्याला मुक्काम करावेच लागणार. घोडी नवी. ती माणसाला ओळखत नाही, वाट ओळखत नाही. हे मुक्काम कसे करावेत, ते आता पाहू.

घोड्याचा स्वभाव

आधी जनावर समजून घ्या. दोरीचे मागाहून बघू.

बैलाला शिंगे आहेत. भीती वाटली तर तो शिंग रोखून उभा राहतो. घोड्याला शिंगे नाहीत. त्याचा पहिला उपाय म्हणजे पळणे. पळता आले नाही तर तो लाथ मारतो, चावतो, दोरीला हिसके देतो. पिशवी वाऱ्याने फडफडली, कुत्रे झाडीतून निघाले, एवढ्यानेही तो बिचकतो. आपण विचार करून पळतो. घोडे आधी पळते आणि मग थांबून मागे बघते.

त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. म्हणून त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. फक्त नाकाच्या अगदी पुढचे आणि शेपटीच्या अगदी मागचे दिसत नाही. म्हणून त्याच्या मागून गुपचूप जाऊ नये. बोलत बोलत, खांद्याच्या बाजूने जावे. अंधारात त्याला आपल्यापेक्षा चांगले दिसते. आपल्याला दिसले नाही ते त्याला दिसलेले असते.

आणखी एक गोष्ट. घोडे उभ्याउभ्या डुलकी घेते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण खरी गाढ झोप त्याला आडवे झाल्याशिवाय लागत नाही. ती थोडाच वेळ लागते, पण ती लागतेच. भीती वाटत असली तर घोडे आडवे होत नाही. रोज असेच झाले तर ते झोपेने पेंगून उभ्या जागी गुडघ्यावर कोसळते.

यातून काय शिकायचे? घोड्याला जोराने धरता येत नाही. माणसाच्या चौपट-पाचपट त्याचे वजन. म्हणून दोनच गोष्टी आपल्या हातात आहेत. ते घाबरणार नाही अशी व्यवस्था करायची. आणि घाबरलेच, तर त्याला इजा होणार नाही असे बांधायचे. आज आम्ही जे सांगणार आहोत, ते सगळे या दोन गोष्टींतच आहे.

जागा

जागा उजेडात निवडा. सूर्य बुडायच्या आधी तासभर तरी थांबा. अंधारात जागा निवडणे म्हणजे डोळे बांधून बी पेरणे.

अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर रात्रभर मालमोटारी धावतात. त्या रस्त्याच्या कडेला मुक्काम करू नका. सुटलेले घोडे रस्त्यावर आले तर ते मरते, आणि मोटरसायकलवरचा माणूसही मरतो. रस्त्यापासून आत, आडोशाला जा. शेत कोणाचे असेल त्याला आधी विचारा. घोड्याने पीक खाल्ले तर सकाळी भांडण ठरलेले.

उसाच्या फडाला लागून थांबू नका. अलीकडच्या वर्षांत तळोदा, अक्कलकुवा या भागात बिबटे उसात राहू लागले आहेत. त्यांच्या हल्ल्यात माणसे दगावली आहेत, मुले दगावली आहेत. शिंगरू तर बिबट्याचा सोपा घास. फडापासून लांब, मोकळ्यावर, वस्तीच्या जवळ थांबा. शिंगरू मध्ये ठेवा. लहान मुलांना कडेला झोपवू नका. शेकोटी पेटली आहे, आता भीती नाही, असे समजू नका. जागा माणूस हीच खरी राखण.

नाल्याच्या पात्रात थांबू नका. वर डोंगरात पाऊस पडला तर खाली पाणी न सांगता येते. जमीन सपाट, कोरडी हवी. काटेरी तार, काच, तुटका पत्रा, उघडी विहीर जवळपास नको. झाडाची वाळकी फांदी वर लोंबत नाही ना, तेही बघा.

मग जवळची झाडेझुडे बघा. कण्हेर असेल तर तिथे घोडे बांधूच नका. कण्हेरीची थोडी पाने पोटात गेली तरी घोडे मरते. एरंडाच्या बियाही घोड्याला विष आहेत. नुकतेच औषध फवारलेले कापसाचे शेतही तसेच. ते वास घेऊन सोडून देईल, असे म्हणू नका. भुकेले जनावर निवड करत नाही.

बांधायची रीत

आता दोरीकडे येऊ. पहिला नियम हा की, घोडे कधीही लगामाने बांधू नये. लगामाची कडी तोंडात असते. घोड्याने हिसका दिला तर जीभ कापते, जबडा दुखावतो. बांधायचे ते म्होरकीने. म्होरकी रुंद, मऊ आणि नीट बसणारी हवी. हातभर लोंबते टोक ठेवू नका.

दुसरा नियम गाठीचा. आपल्यात दोन गाठी आहेत, निरगाठ आणि सुरगाठ. निरगाठ ताण पडला की आवळते. मग ती दातांनीही सुटत नाही. सुरगाठीचे एक टोक ओढले की ती लगेच सुटते. घोडे नेहमी सुरगाठीने बांधा. काही घोडी हुशार असतात. ती दाताने टोक ओढून गाठ सोडतात. अशा घोडीच्या गाठीचे टोक त्याच फासातून एकदा ओवून घ्या. म्हणजे तिला सुटणार नाही, तुम्हाला सुटेल.

बांधायच्या रीती चार. प्रत्येकीत गुण आहे आणि दोषही आहे.

पहिली रीत, झाडाला बांधणे. झाड जिवंत आणि जाड हवे. वाळका खुंट नको. घोड्याने ओढला तर तो उपटून त्याच्याच मागे धावतो. दोरी घोड्याच्या खांद्याच्या उंचीवर बांधा. लांबी दोन हात. खाली बांधली किंवा लांब सोडली तर पाय दोरीवरून जातो आणि अडकतो. पण इतक्या आखूड दोरीवर घोड्याला बसता येत नाही, चरता येत नाही. म्हणून ही रीत दुपारच्या विसाव्याला ठीक. सगळ्या रात्रीला नव्हे.

दुसरी रीत, उंच दोर. आम्ही सांगू की रात्रीला ही सर्वांत चांगली. दोन मजबूत झाडे निवडा. त्यांच्यामध्ये माणसाच्या डोक्यावरून, सुमारे सात फुटांवर, जाड दोर ताणून बांधा. दोर ढिला पडू देऊ नका. झाडाला आधी गोणपाट गुंडाळा, म्हणजे साल कापली जाणार नाही. झाडही कोणाचे तरी आहे. मग त्या दोराला मध्ये फास करून त्यात घोड्याची दोरी बांधा. फास सरकता नको. नाही तर घोडे सरकत सरकत झाडापाशी जाते आणि झाडाला वेढे घालते. दोरी इतकी ठेवा की घोड्याचे तोंड जमिनीपर्यंत पोचेल, पण दोरी जमिनीवर पडणार नाही. दोरी वरून येते, म्हणून पाय अडकत नाही. दोन घोडी असतील तर मध्ये दहा फूट अंतर ठेवा. एकमेकांशी न पटणारी घोडी शेजारी बांधू नका.

तिसरी रीत जुनी, अगाडी-पिछाडीची. पुढे मेख ठोकून म्होरकीची दोरी तिला बांधायची, ती अगाडी. मागे मेख ठोकून मागच्या पायाची दोरी तिला बांधायची, ती पिछाडी. मराठ्यांच्या फौजेत घोडी अशीच रांगेने बांधत. माळावर झाड नसले तरी ही रीत चालते. पण तिला जातिवंत सवय लागते. नव्या घोडीला ही रीत पहिल्याच रात्री लावली तर ती स्वतःला फाडून घेईल. मेख लांब हवी, तिरकी ठोकायला हवी, आणि तिचे डोके जमिनीबरोबर यायला हवे. वर राहिलेल्या मेखेला घोड्याचा पायही ठेचकाळतो आणि माणसाचाही.

एकाच मेखेला लांब दोरी बांधून घोडे चरायला सोडतात, ती निराळी गोष्ट. दिवसा, डोळ्यांसमोर ते ठीक. रात्री नको. लांब दोरी मागच्या पायाला वेढते. घोडे ओढते, दोरी घासते. खुराच्या वर जी मऊ जागा आहे, तिथे भाजल्यासारखी जखम होते. ती जखम महिना महिना भरत नाही.

चौथी रीत, पायबंद. "त्याला पायबंद घाला," असे आपण माणसाबद्दलही म्हणतो. तो शब्द घोड्यावरूनच आला आहे. पुढचे दोन पाय आखूड दोरीने जोडायचे, म्हणजे घोडे हळूहळू पावले टाकत चरते, पळत नाही. ही रीत बघायची असेल तर ठेलारी धनगरांचा वाडा बघा. ते साक्रीकडचे लोक. मेंढ्या घेऊन खानदेशभर फिरतात. त्यांचा संसार घोड्यांच्या पाठीवर असतो. भांडी, अंथरुणे, कोंबड्या, कोकरेसुद्धा. शेतात मेंढ्या बसवल्या की जवळच घोडी पायबंद घालून चरत असतात. वर्षानुवर्षे त्यांचा मुक्काम उघड्यावर, म्हणून त्यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

पण पायबंदाचा भरवसा किती? शिकलेले घोडे पुढचे दोन पाय एकदम उचलून उड्या मारत जाते. सकाळपर्यंत ते कोसभर गेलेले असते. म्हणून एक युक्ती ध्यानात ठेवा. घोडी कळपात राहतात, आणि कळपाची एक म्होरकी घोडी असते. ती बांधून ठेवा. बाकीची सहसा लांब जात नाहीत. तसेच शिंगरू बांधले तर आई त्याला सोडून जात नाही. पायबंद रुंद पट्ट्याचा, मऊ असावा, सुतळीचा नको. उतारावर, नदीकाठी पायबंद घालू नये. घसरले तर घोड्याला सावरता येत नाही.

आणि चारही रीतींना एक नियम आहे. घरी, दिवसा, आपल्या अंगणात आधी सवय करून घ्या. मुक्कामाच्या रात्री नवा धडा देऊ नये.

कुंपणाविषयी दोन शब्द

धनगर मेंढ्यांना वाघर लावतात. ते जाळे मेंढीला चांगले, घोड्याला वाईट. घोड्याचा खूर जाळ्यात अडकतो. काटेरी तार तर घोड्याची वैरीण. बिचकलेले घोडे तारेत शिरते आणि अंगाचे कातडे सोलून घेते.

आता बाजारात बॅटरीवर चालणारे झटक्याचे यंत्र मिळते. रानडुकरांसाठी शेतकरी ते लावतात. त्याचा झटका क्षणभराचा असतो. त्यातून घोड्यालाही तात्पुरता वाडा करता येतो. तारेवर पांढऱ्या चिंध्या बांधा, म्हणजे घोड्याला ती दिसते. पण मंडळी, खांबावरची किंवा घरातली वीज तारेत कधीही सोडू नका. तो झटका नव्हे, ते मरण आहे. अशा तारांना चिकटून माणसे मेली आहेत, स्वतः तार लावणारे शेतकरीही मेले आहेत. तो गुन्हाही आहे.

पोट आणि पाणी

पोट भरलेले घोडे दोरीला ओढत नाही. घोड्याचे पोट लहान असते. ते दिवसाचे पंधरा-सोळा तास थोडे थोडे चरणारे जनावर आहे. रात्रभर उपाशी बांधले तर ते दोरी चावते, माती चाटते, आणि पोटशूळ उठतो. घोड्याला ओकारी येत नाही, म्हणून त्याचे पोट दुखणे जिवावर बेतते. रात्री समोर सुका चारा ठेवा. चंदी, म्हणजे दाणा, थोडा द्या. तोबऱ्यातून द्या, वाळूत टाकू नका. तोबरा खाऊन झाला की काढून घ्या. तो तसाच तोंडाला बांधून ठेवला आणि घोड्याने पाण्यात तोंड घातले, तर ते गुदमरते.

लहान घोड्यालाही दिवसाला वीस-तीस लिटर पाणी लागते. उन्हाळ्यात त्याहून जास्त. बांधण्याआधी पोटभर पाजा. यात्रेत सगळ्यांच्या टाकीत तोंड घालू देऊ नका. आपली बादली ठेवा. ग्लँडर्स नावाचा रोग एका घोड्याचा दुसऱ्याला लागतो. नाकातून घट्ट शेंबूड येतो, अंगावर फोड येतात. तो माणसालाही होतो आणि जीव घेतो. असे जनावर दिसले तर लांब राहा आणि सरकारी पशुवैद्यकाला कळवा.

राखण

दोघे असाल तर रात्र वाटून घ्या. अर्धी एकाने जागावी, अर्धी दुसऱ्याने. एकटे असाल तर घोड्याच्या जवळ झोपा, पण त्याच्या पायाखाली नव्हे. गळ्यात घंटी बांधा. घंटी हळूहळू वाजत असली की घोडे चरते आहे. घंटी एकदम जोरात वाजली की उठा. बराच वेळ वाजलीच नाही, तरी उठा.

उठल्यावर काय बघायचे? आधी मोजा. मग दोरी बघा. मग घोडे कसे उभे आहे ते बघा. मागचा एक पाय सैल सोडून, मान खाली घालून उभे असेल तर ते सुखात आहे. कान टवकारून एकाच दिशेला बघत असेल तर तिकडे काही तरी आहे. वारंवार पोटाकडे वळून बघत असेल, पायाने जमीन उकरत असेल, लोळत असेल, लीद टाकत नसेल, तर पोटशूळ समजा. फिरते पशुवैद्यकीय पथक बोलावण्यासाठी १९६२ हा नंबर आहे. तो पाठ करा.

उशाला विळा ठेवा. दोरीत पाय अडकून घोडे पडले तर ओढाताण करू नका. पाठीच्या बाजूने जा, त्याच्याशी बोला, आणि दोरी कापून टाका. दोरी बाजारात पुन्हा मिळते.

आणि समजा, घोडे सुटलेच. तर मागे धावू नका. तुम्ही धावलात की ते आणखी पळते. दुसरे घोडे बांधलेले असेल तर ते तसेच राहू द्या; सुटलेले त्याच्याकडे परत येते. तोबऱ्यात दाणे वाजवा आणि उभे राहा. नाही आले, तर ज्या वाटेने आलात त्या वाटेला शोधा. घोडे बहुधा ओळखीच्या पाण्याकडे, आधीच्या मुक्कामाकडे नाही तर जुन्या घराकडे वळते.

सणाच्या रात्रीविषयी एक सांगतो. आपल्या काठीची राजवाडी होळी पहाटे पेटते. तिन्ही राज्यांतून लोक येतात. रात्रभर ढोल वाजतात, नाच होतो. माणसाला तो आनंद, घोड्याला ती भीती. कोणी घोडी घेऊन आले तर ती होळीपासून लांब, ढोलाचा आवाज मंद होईल आणि धूर येणार नाही अशा जागी बांधा. आणि तिच्याजवळ एक माणूस ठेवा. सगळेच नाचायला गेले, तर घोडी कोण राखणार?

कागद

शेवटची गोष्ट तुमच्या अक्षरओळखीची. घोडी विकत घेतली की पावती घ्या. ती स्वतः वाचा. विकणाऱ्याचे नाव, गाव, तारीख, किंमत बरोबर आहे ना, ते बघा. मग आपल्या वहीत घोडीची खूण लिहा. रंग काय, वय काय, नर की मादी. कपाळावर टिकला आहे का. कोणते पाय पांढरे. जखमेचे व्रण कुठे. भोवरे किती आणि कुठे. भोवरा शुभ की अशुभ, यावर लोक पुष्कळ वाद घालतात. आम्ही त्या वादात पडत नाही. पण प्रत्येक घोड्याचे भोवरे निराळे असतात, म्हणून ते लिहून ठेवले की ओळख पक्की होते.

का लिहायचे? घोडी रात्री सुटली आणि दुसऱ्या गावात सापडली. तिथला माणूस म्हणाला, "ही तुझी कशावरून?" तेव्हा तोंडाने कितीही सांगा, त्याचेही तोंड आहे. पण तुमच्या वहीत आधीच्या तारखेने लिहिलेले आहे की, डाव्या मागच्या पायाला पांढरे, मानेवर उजवीकडे एक भोवरा. चार माणसे वही बघतील आणि घोडी बघतील. पोलिसांतही तोच कागद चालेल. हे घोडी हरवायच्या आधी करायचे. नंतर केले तर ते वरातीमागून घोडे.

तर मंडळी, दिवस असताना जागा बघा, बांधण्याआधी पाणी पाजा, म्होरकीने आणि सुरगाठीने बांधा, रात्री उठून मोजा. उद्याच्या वर्गात प्रत्येकाने आपल्या घरच्या एका जनावराची खूण पाच ओळींत लिहून आणावी. ज्याच्याकडे घोडी नाही त्याने बैलाची लिहावी, गायीची लिहावी, बकरीची लिहावी. चुकले तर आपण मिळून दुरुस्त करू.